घरातली सहा मतं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर सही आणि वाण्याची यादी सोडून काही लिहिल्याचं आठवत नाही. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हातात पडलंच तर माझ्या चुका पोटात घाला.

जनूकाका गेले त्याला आता काही महिने झाले. त्यांच्याबद्दल त्यांच्या गास गावात लोक दोनच गोष्टी बोलतात. काही म्हणतात, म्हाताऱ्याला मशीननं फसवलं. काही म्हणतात, निवडणुकीत पडला ते पचलं नाही म्हणून मशीनवर घसरला. दोन्हीकडचे लोक त्यांना चांगले ओळखत होते, तरी असं बोलतात. चारचौघांत उलट बोलायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून इथे.

आम्ही काकांच्या वाडीतल्या खोलीत भाड्यानं राहत होतो. आमचं गाव संगमेश्वरकडे. मतदानाच्या यादीत माझं आणि यजमानांचं नाव अजून तिकडेच आहे, त्यामुळे या निवडणुकीत आम्ही कुणाच्याच बाजूचे नव्हतो. पण मी सगळं पाहिलं, कारण मी रोज काकांच्या ओट्यावर बसलेली असायची. इंदूकाकी, म्हणजे काकांची बायको, वाडीतली फुलं गजरे करून विकायच्या. मोगऱ्याच्या दिवसात मोगरा, थंडीत कागडा. आम्ही तीन-चार बायका ओट्यावर बसून ओवायचो. ओवताना मान खाली असते, त्यामुळे बसलेल्या बाईकडे कुणाचं लक्ष जात नाही. घरातली माणसं तिच्यासमोर भांडतात, रडतात, पैसे देतात-घेतात.

काका बसमध्ये कंडक्टर होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण जमिनीवरसुद्धा ते पाय फाकवून उभे राहायचे, जणू आता ड्रायव्हर ब्रेक मारणार आहे. बोलायचे इंजिनाच्या वरच्या आवाजात. काकी म्हणायच्या, "अवो, मी हितं हाय, मागच्या शिटावर नाय." देवळात, दहाव्याला, रेशनच्या रांगेत, कुठेही गेले की दोन बोटं हवेत नाचवत आधी माणसं मोजायचे. म्हणायचे, "मुंडकी आनी तिकिटं जुळली पायजेत. नाय जुळली तर कुनीतरी खोटं बसलंय."

पुतण्याच्या हळदीला त्यांनी असंच मोजलं. जेवणवाल्यानं सांगितलेल्या ताटांपेक्षा यांची मुंडकी जास्त निघाली. म्हणजे तोच बिचारा कमी पैसे मागत होता. काका त्याच्या मागे लागले, वरचे पैसे घे. काकी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "लोक कमी करून घेतात, आमचे हे वाढवून देतात. असला मानूस कुठं मिलतो?" त्या रागावल्या होत्या की कौतुक करत होत्या ते मला कळलं नाही. काकींचं बऱ्याचदा कळायचं नाही.

तिकिटाच्या मशीनची गोष्ट ते नेहमी सांगायचे. जुनी छापील तिकिटं जाऊन मशीनं आली तेव्हा एका संध्याकाळी मशीननं दाखवलेली रक्कम आणि थैलीतली रक्कम जुळेना. साहेब म्हणाले, भरा खिशातून. काकांनी भरले, आणि मग डेपोत बाकावर बसून राहिले. मशीन उघडून तपासल्याशिवाय उठेनात. शेवटी तपासलं. मशीन मधेच एखादं तिकीट दोनदा धरत होतं. पैसे परत मिळाले. पण या गोष्टीला जोडून ते दुसरी गोष्टही सांगायचे, ती लोक विसरतात. पुढे एकदा पुन्हा हिशोब जुळला नाही, पुन्हा हे बाकावर बसले, आणि मशीन बरोबर निघालं. यांनीच एका बाईला सुटे जास्त दिले होते. "मशीनला पाप नसतं," ते म्हणायचे, "पन चूक असते. आनी मानसाला दोनी असतं."

असा माणूस निवडणुकीला कशाला उभा राहिला? नाल्यामुळे.

आमच्या मागचा नाला पूर्वी शेतांतून खाडीकडे जायचा. पलीकडे टॉवर उठले, भराव पडला, आणि नाला मधेच बुजला. त्यानंतर पावसाचं पाणी वाडीतून निघेना. केळी उभ्या-उभ्या कुजल्या. आमच्या खोल्यांत शेगडी खाटेवर ठेवून स्वयंपाक करायची पाळी आली. काका कागद घेऊन फिरले. सगळे म्हणाले, बघतो. मग महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा काका म्हणाले, "बगायला मीच जातो."

काकी तेव्हापासून विरोधात. "बीपीची गोळी मी दिल्याबिगर घेत नाय, आनी गावाचा नाला काडनार! पडलात तर लोक हसतील. निवडून आलात तर जेवू देनार नाय. मला दोनी नको."

काका अपक्ष उभे राहिले. निशाणी मिळाली कढई. बायकांना हसायला कारणच मिळालं. शेजारची सुमन म्हणाली, "काका, कढई? तुम्हाला कधी चहा करताना पण नाही पाहिलं."

"मी कुटं तळनार हाय? तुमी तळा, मी मोजतो," काका म्हणाले.

प्रचार म्हणजे काका, थोरला मुलगा दिनेश आणि आळीतले दोघं-तिघं. घरोघरी हात जोडून जायचं. आमच्याकडे एक रीत आहे. उंबऱ्यावर आलेल्या उमेदवाराला नाही म्हणत नाहीत. बायका ताट घेऊन ओवाळतात, कुंकू लावतात, आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, तुम्हालाच. मी ओट्यावरून पाहायची. समोरच्या घरी सकाळी काकांना ओवाळलं. दुपारी पक्षाचा उमेदवार आला, त्याला ओवाळलं. संध्याकाळी तिसरा आला. ताट तेच, निरांजन तेच. वात तेवढी नवी.

कंडक्टर असताना काका म्हणायचे, लांबून हात करून "आलो, आलो" ओरडणारा प्रत्येक जण बसमध्ये चढतोच असं नाही. पण स्वतःच्या वेळी ते विसरले. रोज घरी येऊन सांगायचे, "आज ती आळी पुरी आपली. बायजामावशीनं तर डोक्यावर हात ठेवला."

बायजामावशी म्हणजे त्यांच्या आईची मैत्रीण. खूप म्हातारी, दिवाळीत पाय मोडून अंथरुणाला खिळलेली.

या मतदानात एकेकाला चार मतं द्यायची होती. चार जागा, चार रंगांचे कागद, चार बटणं. काकांचं नाव गुलाबी कागदावर. जुन्या माणसांचा गोंधळ होईल म्हणून काकांनी पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटवून सगळ्यांना शिकवलं. काकींना तर रोज संध्याकाळी. काकी पुठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "ही कडई."

"ती टोपली हाय! कडई खाली. कान बग, कडईला कान असतात."

"टोपलीला पन कान हायत."

खरंच होते. एवढ्याशा काळ्या चित्रात दोन्ही सारखीच दिसत होती.

मतदानाच्या दिवशी सगळं घर नटूनथटून गेलं. काका, काकी, दिनेश आणि त्याची बायको, धाकटा मुलगा आणि त्याची बायको पल्लवी. सहा जण. सहाही बोटांना शाई लावून आले. पल्लवीनं सगळ्यांची बोटं जमवून मोबाइलवर फोटो काढला. काका खूश होते. त्यांनी फोटोतली बोटंसुद्धा मोजली.

निकालाच्या दिवशी ते दुपारीच परत आले. मी आणि सुमन ओवत होतो. पडणार हे त्यांना ठाऊक असावं, कारण तोंडावर तसं दुःख नव्हतं. ते पाय फाकवून अंगणात उभे राहिले आणि काकींना म्हणाले, "आपल्या शाळेतल्या केंद्रावर मला चार."

"चारशे?" काकींनी विचारलं.

"चार."

सुमनची सुई थांबली. काका म्हणाले, "गावाचं जाऊ दे. घरात सहा हायत. सहातून चार कशी येतील?"

हाच तो काटा. हरण्याचं त्यांना काही नव्हतं. दुसऱ्या केंद्रांवर थोडी थोडी मतं होती, तिकडे ते बघेनातही. पण स्वतःच्या शाळेतल्या केंद्रावर सगळ्या गावानं जरी पाठ फिरवली असती तरी आकडा सहाच्या खाली जायला नको होता. मशीन खरं असेल, तर घरातल्या निदान दोघांनी त्यांना मत दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी त्यांनी विचारलं. पानं आत वाढलेली होती, मी ओट्यावर होते, सगळं ऐकू येत होतं.

दिनेश म्हणाला, "बाबा, देवाची शपथ, कढईच दाबली. माझ्यावर संशय घेता? मीच तर केंद्रावर तुमचा एजंट होतो."

दिनेशचा रेती-खडीचा धंदा होता, आणि ती पलीकडच्या टॉवरांनाच जायची. हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

पल्लवीचं माहेर नायगावचं. तिचा भाऊ पक्षाच्या उमेदवाराबरोबर फिरायचा. ती रडायला लागली. "मला माहीतच होतं माझ्यावर येणार. मी तुम्हालाच दिलं, पप्पा. चार-चार बटणं होती, घाबरायला झालं, पण मला वाटतं बरोबर दाबलं."

"वाटतं म्हणजे?" दिनेश.

"तू गप!" धाकटा ओरडला. "वहिनीला विचार ना आधी!"

भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग काकींचा आवाज, अगदी शांत. "मी कडईच दाबली. कानवाली. आता जेवा."

त्यानंतर दिनेशनं जे म्हटलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. "बाबा, मशीनचंच काय ते करा. घरात नको."

काकांनी मग मशीनलाच धरलं.

लोकांना वाटलं म्हातारा जिद्दीला पेटला. मी पाहत होते, जिद्द नव्हती ती. मशीन खोटं ठरलं की घर खरं ठरत होतं. त्यांना नगरसेवक व्हायचं नव्हतं. रात्रीच्या पंगतीला बसलेली सहा माणसं आपली आहेत एवढंच त्यांना कुठूनतरी लिहून हवं होतं.

ते कार्यालयात गेले. तिथला साहेब भला होता, काका स्वतः सांगत होते. त्यानं चहा दिला. म्हणाला, सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी सगळ्या एजंटांसमोर खोटी मतं टाकून मशीन तपासलं होतं, ती बरोबर निघाली, त्या कागदावर तुमच्याच मुलाची सही आहे. तरी शंका असेल तर कोर्टात जा, तो तुमचा हक्क आहे, पण थोड्या दिवसांच्या आत.

"सकाळी बरोबर होतं म्हनून संध्याकाळी बरोबर असतंच काय?" काका घरी येऊन म्हणाले. "माझं तिकिटाचं मशीन पन सकाळी बरोबरच असायचं." मग म्हणाले, "नसतंच असं पन नाय."

कोर्टाचं कळल्यावर गावात उत्साह आला. एवढी माणसं ओट्यावर प्रचारातसुद्धा आली नव्हती. कुणी म्हणे मशीन मोबाइलवरून फिरवतात, कुणी म्हणे चिप असते, कुणाच्या मेहुण्यानं पाहिलं होतं. दोन-तीन तरुण पोरं मोबाइल घेऊन आली. "काका, बोला, मशीन हॅक झालं. एकच वाक्य. आम्ही टाकतो."

"हॅक म्हनजे काय ते मला ठावं नाय," काका म्हणाले. "मला सहा आनी चार ठावं."

"तेच, काका, पण जरा जोरात."

त्यांनी ते टाकलं. खूप लोकांनी पाहिलं म्हणे. नाक्यावर दुसऱ्या पक्षाची पोरं ओरडायला लागली, "कढई करपली!" काका बाजारात जायचे बंद झाले. दूध आणायला काकी जाऊ लागल्या.

वकिलानं खर्च सांगितला. तो एकट्या काकांच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हा गावानंच वर्गणी काढली. ज्याला जे जमेल ते. आमच्या यजमानांनीही दिले, कारण पावसात पाणी आमच्याही खोलीत येत होतं. काकींनी गजऱ्यांचे साठवलेले पैसे डब्यातून काढून दिले. पैसे पाटावर ठेवले आणि विहिरीवर गेल्या.

वकिलानं आणखी एक सांगितलं. ज्यांनी ज्यांनी या केंद्रावर कढईला मत दिलं, त्यांनी तसं शपथेवर लिहून द्यावं. चारपेक्षा जास्त माणसं उभी राहिली की मशीनला जाब विचारता येईल.

काका म्हणाले, "सहा तर घरातच हायत. आनखी दहा मिलाले तरी पुरे."

कागद ओट्यावरच ठेवला होता. पहिल्या दिवशी दहा झाले. काकांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी रांग लागली. कुणी अंगठा, कुणी सही. "काका, तुम्हालाच दिलं होतं," "काका, आमचं पूर्ण घर." ज्या घरी मी तीन ओवाळण्या पाहिल्या होत्या त्या घरचे सगळे आले. आमच्या शेजारच्या खोलीतला एक जण, ज्याचं मत चिपळूणला, तोही बाह्या सरसावून आला. काका म्हणाले, "तुझं नाव हितं नाय रे."

"तरी पण, काका. पाठिंबा म्हणून."

सुमननं मला ढोसलं, "तू पण जा, कर अंगठा. म्हाताऱ्याला बरं वाटेल." मी मान हलवली. काकांनी ते ऐकलं असावं. ते एकदम उठले, कागद हातात घेतला आणि बोटानं नावं मोजत गेले. खाली खाली जाताना बोट हळू झालं. एका ठिकाणी थांबलं.

तिथे बायजामावशीचा अंगठा होता. नातवानं कागद घरी नेऊन करून आणला होता.

काका लगेच निघाले. बायजामावशीचं घर दोन घरं सोडून, आणि गजऱ्यांची टोपली तिच्या सुनेकडे पोचवायची होती म्हणून मीही मागून गेले. मावशी खाटेवर होती. काका खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले.

"मावशी, तू मत द्यायला कदी गेलीस गो?"

"मी कशी जानार, बाबा? पाय कुटं चालतो माझा?"

"मंग अंगठा कसा दिलास? शपथेचा कागद हाय तो."

मावशीला प्रश्नच कळला नाही. ती त्यांच्याकडे मायेनं बघत म्हणाली, "तुझं काम हाय बोलला पोरगा. तुला नाय कशी बोलू? गेले असते तर तुलाच दिलं असतं ना?"

काकांनी तिच्या पायावरची चादर नीट केली आणि बाहेर आले. अंगणात माझ्याकडे वळून, जणू मी कुणी मोठं माणूस आहे असं, म्हणाले, "मशीन खोटं की खरं ते देवाला ठावं. पन माझे साक्षीदार खोटे हायत, ते मला ठावं झालं."

"सगळे नसतील," मी म्हटलं. मी त्यांच्याशी आपणहून बोललेलं बहुतेक ते पहिलंच वाक्य.

"सगले नसतीलच. पन खरा कुटला ते आता कसं काडू? मावशीनं प्रेमानं दिला, दुसऱ्यानं भिडेनं दिला, तिसऱ्यानं रागानं दिला. मत दिलेला यांच्यातच बसलाय, आनी त्याचं तिकीट मला वलखता येत नाय."

त्यांनी केस घातली नाही.

आता लिहिताना वाटतं, पहिल्या दहा माणसांवर थांबले असते तर? कदाचित ते दहा खरे होते. कदाचित मशीन खरंच चुकलं होतं आणि आमच्या गावाच्या भिडेनं ते लपवलं. किंवा नव्हतं चुकलं. टोपली आणि कढईत गफलत झाली असेल. हे आता कुणालाच कधी कळणार नाही. याची मला भीती वाटते. नुसतं हरणं बरं. हे अधांतरी राहणं माणसाला आतून खातं.

केस नाही म्हटल्यावर तीच मोबाइलवाली पोरं ओट्यावर आली. "काका, किती घेतले?"

"काय?"

"गप्प बसायचे. सगळ्यांना कळतंय. वर्गणी पण खिशात गेली आणि वरून पण आले. मस्त आहे."

दिनेश आतून धावून आला, काकांनी त्याला हातानं अडवलं. पोरांना म्हणाले, "ज्यांचे ज्यांचे हायत त्यांना मिलतील." आवाज बसच्या आवाजासारखा मोठा नव्हता.

काही पैसे वकिलाकडे आणि कागदांत गेले होते. वकिलानं थोडे परत केले, थोडे नाही. उरलेली भर काकांनी पेन्शनमधून आणि केळीच्या घडांतून घातली. त्याला वेळ लागला. मोगऱ्याच्या कळ्या यायला लागल्या तरी ते चालूच होतं. प्रचाराला ज्या घरांना हात जोडून गेले होते त्याच घरांना पुन्हा जायचे. लोक म्हणायचे, राहू द्या हो काका, एवढ्याशा रकमेला काय. काका उंबऱ्यावर उभे राहायचे. माणूस पैसे घेईपर्यंत हलायचे नाहीत. मोबाइलवाल्यांपैकी एकाच्या आईनं पैसे घेतले आणि रडली. आमचेही आणून दिले. यजमान घेईनात तेव्हा म्हणाले, "घे रे. तू घेतलेस की मी एका घरातून सुटलो."

या दिवसांत ते खूप बारीक झाले. बोलणं कमी झालं. पंगतीला सगळे बसायचे, पण दिनेश लवकर उठायचा, पल्लवी उशिरा बसायची. काका कुणालाच काही विचारत नसत. जेवताना फक्त एकेकाच्या तोंडाकडे बघायचे आणि नजरानजर झाली की खाली बघायचे. मला ते बघवायचं नाही. काकी गोळी आणून हातावर ठेवायच्या, ते मुकाट घ्यायचे.

आम्ही वैशाखात नायगावला खोली घेतली. जायच्या आधीची ती सकाळ. मी शेवटचे गजरे ओवत होते. सुमन आली नव्हती, ओट्यावर काकी आणि मी दोघीच. काका वाडीतून आले, पाय धुतले आणि काकींच्या समोर ओल्या फडक्यावर, कळ्यांच्या बाजूला, नोटा ठेवल्या.

"हे कुनाचे?" काकींनी विचारलं.

"तुझे. डब्यातले."

"बाकीच्यांचे फिटले?"

"समद्यांचे. तुझेच ऱ्हायले होते."

काकींनी नोटांना हात लावला नाही. कळी दोऱ्यात ओढली, गाठ मारली. मान वर न करता म्हणाल्या, "मला येकटीला कदी इचारलं नाय तुमी."

"काय?"

"तुमाला ठावं हाय काय ते."

मी उठायला लागले. काकींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं. का बसवलं ते मला आजही सांगता येत नाही.

काका तिथेच उभे होते, पाय फाकवून. फुलांकडे बघत म्हणाले, "नको. तू बोलशील ते मी खरं धरीन. मंग मला पोरांना खोटं धरावं लागंल. आनी तू खोटी निघालीस तर…" पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. "ऱ्हाऊ दे. नोटा बग बरोबर हायत काय."

काकींच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं होतं, चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. त्यांनी अंगठा ओल्या फडक्याला लावला आणि एकेक नोट बाजूला करत मोजल्या. काका त्यांच्या बोटांकडे बघत थांबले.

"पुरे हायत," काकी म्हणाल्या, आणि नोटा पदराला बांधल्या.